जुन्या के-जेट्रॉनिक गाडीचं फ्युएल प्रेशर कमी आहे म्हणतात, पण नक्की कुठलं प्रेशर?

आधीच सांगून टाकतो, हे कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांसाठी नाही आणि आताच्या एमपीएफआयसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या इंजेक्शनसाठी पण नाही. हे मधल्या पिढीतल्या गाड्यांसाठी आहे, ज्यात इंजेक्शन आहे पण कॉम्प्युटर नाही, म्हणजे बॉशचं के-जेट्रॉनिक. १९७३ साली पोर्शे ९११ वर आलं आणि मग गोल्फ जीटीआय, व्होल्वो २४०, साब, ऑडी, मर्सिडीज असं सगळीकडे पसरलं. आमच्या घरी जी आहे ती मर्सिडीज २८०ई, डब्ल्यू१२३ बॉडी, १९८२ ची, सासऱ्यांनी कुणाकडून तरी घेतलेली आणि आता माझ्या गळ्यात. पुण्यात ह्या सिस्टीमवर हात टाकणारे लोक कमी, आणि जे टाकतात त्यातले निम्मे पहिलं वाक्य हेच म्हणतात, "पंप गेलाय साहेब."

मी त्या वाक्यावर पैसे घालवलेत म्हणून हे लिहितोय. खंबाटकी चढताना गाडीने दम तोडला, तिसऱ्यात पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की झटके, सोडला की ठीक, सपाटीला आलो की काही झालंच नाही असं वागायची. नवीन पंप टाकला, वीसेक हजार गेले, पुढच्या रविवारी परत त्याच वळणावर तेच झटके. तेव्हा कुठे गेज आणून बसलो. खरं तर ते आधी करायचं असतं.

आता थोडी थिअरी, कंटाळा करू नका कारण हे डोक्यात बसलं नाही तर गेजवरचा आकडा उपयोगाचा नाही. के-जेटमध्ये तीन वेगवेगळी प्रेशर असतात. पहिलं सिस्टीम प्रेशर, म्हणजे पंपाने ढकललेलं पेट्रोल फ्युएल डिस्ट्रीब्युटरमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल वाटून देणारा भाग) ज्या दाबाने उभं असतं ते, साधारण ५ बारच्या आसपास. दुसरं कंट्रोल प्रेशर, हे त्याच पेट्रोलमधून बारीक छिद्रातून काढून डिस्ट्रीब्युटरच्या प्लंजरच्या, म्हणजे आतल्या वरखाली होणाऱ्या दांड्याच्या, डोक्यावर सोडलेलं असतं आणि ते किती ठेवायचं हे इंजिन गार की गरम त्याप्रमाणे वॉर्म-अप रेग्युलेटर ठरवतो. तिसरं रेस्ट प्रेशर, म्हणजे इंजिन बंद केल्यावर लाईनमध्ये जे धरून राहतं ते.

काम असं चालतं की हवा आत ओढली गेली की एअरफ्लोची प्लेट हलते, प्लेट लिव्हरने प्लंजर वर ढकलते, प्लंजर जितका वर तितकं पेट्रोल जास्त. कंट्रोल प्रेशर त्या प्लंजरला वरून दाबून धरतं. म्हणजे कंट्रोल प्रेशर कमी झालं तर प्लंजर सहज वर जातो आणि गाडी रिच होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, काळा धूर, पेट्रोलचा वास, प्लग काळे. आणि सिस्टीम प्रेशर कमी झालं तर उलट, गाडी लीन म्हणजे पेट्रोल कमी, पिकअप नाही, इनटेकमधून फट फट. दोन्हीला लोक "प्रेशर कमी" म्हणतात आणि दोन्हीचे आजार एकमेकांच्या विरुद्ध! म्हणून कोणी प्रेशर कमी आहे म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा, कुठलं?

गेजच्या आधी अर्धा तास फुकटच्या गोष्टींना द्या. डब्ल्यू१२३ मध्ये ते जुने उघडे फ्यूज असतात, दोन्हीकडे टोकदार, मधे सिरॅमिक किंवा प्लास्टिकची कांडी आणि वरून धातूची पट्टी. त्याची टोकं हिरवी-पांढरी पडतात, फ्यूज उडालेला नसतो पण करंट अर्धवट जातो. बोटाने नुसता गरागरा फिरवला तरी गाडी सुधारते, असं माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ॲल्युमिनियमचे काढून तांब्याचे टाका आणि क्लिपा पॉलिश पेपरने घासा. मग पंप चालू असताना पंपाच्याच टर्मिनलवर मल्टिमीटर लावा, बॅटरीवर नाही. साडेअकरा व्होल्टच्या खाली दिसत असेल तर पंपाची चूक नाही, त्याला पोटभर जेवायलाच मिळत नाहीये. वायर, रिले, अर्थिंग बघा. अर्थिंगचा बोल्ट बॉडीवर गंजलेला असणं ही तर आपल्याकडे पावसाळ्याची देणगीच.

दुसरं फुकटचं काम म्हणजे टाकीचं झाकण. गाडी झटके देते तेव्हा थांबून झाकण उघडा, जोरात फुस्स करून हवा आत गेली आणि पुढची दहा मिनिटं गाडी बरी चालली तर टाकीचा श्वास कोंडलाय, व्हेंट चोकप आहे, पंप बिचारा व्हॅक्युमशी भांडतोय.

आता गेज. ० ते १० बारचं पाहिजे, तेलाने भरलेलं असेल तर उत्तम कारण काटा थरथरत नाही. एमपीएफआयची जी किट मिळते ती थेट बसत नाही, आटे वेगळे असतात. मी गाडीवरची दोन्ही युनियन (लाईनचे आट्याचे जोड) मोजून नाना पेठेतून पितळी फिटिंग घेतली आणि उरलेला ॲडॅप्टर लेथवाल्याकडून करून घेतला. टेफलॉन टेप अजिबात लावू नका, त्याचा एक धागा डिस्ट्रीब्युटरमध्ये गेला तर आतल्या फटी इतक्या बारीक असतात की विषय संपला. तांब्याचे वायसर वापरा, दरवेळी नवीन.

जोडायचं कुठे, तर डिस्ट्रीब्युटरच्या वर मधोमध जी लाईन निघून वॉर्म-अप रेग्युलेटरकडे जाते तिथे. लाईन सोडवायची, मधे टी टाकायचा, टीवर गेज, आणि टीपासून रेग्युलेटरकडे जाणाऱ्या बाजूला एक कॉक म्हणजे व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला हे चुकलं तर सगळी रीडिंग उलटीपालटी, त्यामुळे परत एकदा सांगतो, रेग्युलेटरच्या बाजूला. ह्या एकाच जोडणीवर तिन्ही प्रेशर कळतात.

सोडवताना लाईनमध्ये प्रेशर असतं हे विसरू नका, युनियनवर जाड फडकं गुंडाळून हळू सैल करा, गाडी पूर्ण गार असताना, बाहेर मोकळ्या हवेत, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, आणि शेजारी उभं राहून सल्ला देणाऱ्या काकांच्या हातातली सिगरेट आधी विझवायला लावा. पाच बारचं पेट्रोल गरम एक्झॉस्टवर उडालं तर विचार करायला वेळ मिळत नाही.

पंप इंजिन बंद ठेवून चालवायचा असतो, त्यासाठी रिले काढून सॉकेटमध्ये बॅटरीची लाईन आणि पंपाची लाईन फ्यूजवाल्या जंपरने जोडायची. बऱ्याच रिलेंवर ते ३० आणि ८७ नंबर असतात पण मर्सिडीजच्या काही रिलेंवर नंबर वेगळे, तेव्हा आपल्या गाडीचं वायरिंग बघूनच जोडा, अंदाजपंचे नको. आणि पंप चालू असताना एअरफ्लोच्या प्लेटला हात लावायचा नाही! प्लेट हलली की सगळे इंजेक्टर पेट्रोल फवारतात, सिलिंडर भरतात, आणि नंतर सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकायची वेळ येते.

व्हॉल्व्ह बंद करा, पंप चालू करा. गेजवर दिसतंय ते सिस्टीम प्रेशर. गोल्फ जीटीआयला ४.७ ते ५.४ बार धरतात, बाकीच्या के-जेट गाड्या साधारण साडेचार ते साडेपाचच्या पट्ट्यात येतात, आपल्या मॉडेलचा नेमका आकडा वर्कशॉप मॅन्युअलमध्ये बघा कारण इंजिनप्रमाणे फरक असतो. आकडा बरोबर आला तर लगेच खूश होऊ नका. माझा आला होता, ५ च्या जरा खाली, एकदम व्यवस्थित. आणि तरीही गाडी घाट चढत नव्हती.

कारण प्रेशर आणि फ्लो ह्या दोन गोष्टी आहेत. बागेच्या पाईपच्या तोंडावर अंगठा दाबला की नळ अर्धा बंद असला तरी फवारा लांब जातोच ना, तसं. गाडी उभी असताना इंजिन पेट्रोल खातच नाही, थोडंसं आलं तरी डिस्ट्रीब्युटरवरचा प्रेशर रेग्युलेटर (वॉर्म-अपवाला नव्हे) प्रेशर उभं करतो. खरी परीक्षा व्हॉल्यूमची. डिस्ट्रीब्युटरकडून टाकीकडे परत जाणारी रिटर्नची लाईन सोडवायची, लांब होज लावून मोजमापाच्या कॅनमध्ये सोडायची आणि घड्याळ लावून पंप चालवायचा. मर्सिडीजचा हिशोब ४० सेकंदात किमान १ लिटर असा आहे. माझ्या गाडीने ४० सेकंदात दिलं सहाशे मिली. नवा कोरा पंप! इथे मला कळलं की वीस हजार कुठे गेले.

मग पेट्रोल कुठे अडतंय हे मागून पुढे शोधायचं. २८०ई मध्ये पंप, ॲक्युम्युलेटर (बंद गाडीतही लाईनचं प्रेशर धरून ठेवणारा डबा) आणि फिल्टर तिन्ही गाडीच्या खाली मागच्या ॲक्सलच्या पुढे एकाच कुटुंबात राहतात. फिल्टरच्या नंतर मोजा, मग फिल्टरच्या आधी मोजा. आधी भरपूर आणि नंतर कमी तर फिल्टर. दोन्हीकडे कमी तर पंप किंवा पंपाच्याही मागे. पंपाच्या मागे काय आहे हे लोक विसरतात, टाकीतली जाळी आणि सक्शनचा रबरी होज. होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतला थर सुटून ओढ बसली की चिकटतो, हाताने दाबून बघा, पिचपिचीत लागला तर बदला.

माझी जाळी निघाली. टाकी रिकामी केली, खालून ४६ नंबरच्या सॉकेटने जाळी खोलली, आणि आतून चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी ओघळलं. लॉकडाऊनमध्ये गाडी दीड वर्ष अर्ध्या टाकीवर उभी होती, वरचा मोकळा भाग गंजला, आणि नंतर जे पेट्रोल घातलं त्याने तो गंज सोडवून खाली आणला. इथे जरा विषयांतर करतो, हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते पाणी शोषतं आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकटा पण सोडवतं. उसाला भाव मिळतो ते ठीकच, आम्ही पण शेतकऱ्याच्याच घरातले, पण ८२ सालच्या गाडीच्या रबराला आणि प्लंजरला कोणी विचारलेलं नाही. के-जेटचा प्लंजर नुसता गाडी उभी ठेवून पाण्याने चिकटतो, त्यामुळे अशी गाडी असेल तर टाकी भरलेली ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी खरंच चालवा, नुसती जागेवर स्टार्ट करून बंद करू नका.

बरं, फ्लो भरपूर आहे पण सिस्टीम प्रेशर कमी, असं झालं तर? मग डिस्ट्रीब्युटरच्या बाजूला बसवलेला प्रेशर रेग्युलेटर संशयित. पंप चालू ठेवून रिटर्नचा रबरी होज दोन-तीन सेकंदच हलका दाबा, होजचा चिमटा असतो त्याने, पकडीने नाही. प्रेशर झटकन वर चढलं तर पंप निर्दोष आहे, रेग्युलेटर पेट्रोल लवकर सोडून देतोय. होज जुना असेल तर हा प्रयोग करूच नका, फुटला की आंघोळ. रेग्युलेटरमध्ये एक छोटा पिस्टन, स्प्रिंग, ओ-रिंग आणि पत्र्याच्या शिम म्हणजे पातळ चकत्या असतात. बऱ्याचदा ओ-रिंग कडक झालेली असते किंवा पिस्टनखाली कचरा, साफ करून नवीन ओ-रिंग टाकली की आकडा परत येतो. शिमने पण प्रेशर वाढवता येतं, ०.१ मिमीची शिम म्हणजे साधारण ०.०६ बार, पण ते सगळ्यात शेवटी, फ्लो मोजून झाल्यावर. जाळी चोकप असताना शिम टाकणं म्हणजे तापाच्या पेशंटचा थर्मामीटर बदलणं. पिस्टन त्याच्या बोअरशी जुळवलेला असतो, दुसऱ्या गाडीचा आणून घालू नका. आणि डिस्ट्रीब्युटरचे वरचे स्क्रू उघडायचा मोह आवरा, आतल्या पातळ डायफ्रॅमचं सेटिंग घरच्या टेबलवर परत बसत नाही.

आता कंट्रोल प्रेशर. गाडी रात्रभर गार पडलेली पाहिजे, म्हणजे सकाळी चहाच्या आधी. वॉर्म-अप रेग्युलेटरचा इलेक्ट्रिकचा प्लग काढा, व्हॉल्व्ह उघडा, पंप चालू. २० डिग्रीला साधारण दीड बार, आपल्याकडे मे महिन्यात सकाळी पण २५ च्या वर असतं त्यामुळे आकडा थोडा जास्त येणारच, घाबरायचं नाही. रेग्युलेटरवर बॉशचा ०४३८१४० ने सुरू होणारा नंबर कोरलेला असतो, त्या नंबरचा तापमान-प्रेशरचा ग्राफ मिळवा आणि त्याच्याशी ताडून बघा. मग प्लग लावा आणि त्याला १२ व्होल्ट मिळतायत का बघा, आतला हीटर तापेल तसं प्रेशर हळूहळू चढून काही मिनिटांत बहुतेक गाड्यांत साडेतीनच्या आसपास स्थिर होतं. चढतच नसेल तर हीटरचं रेझिस्टन्स मोजा, साधारण वीसेक ओहमच्या जवळपास येतं, सर्किट ओपन दाखवलं तर हीटर मेला आणि गाडी कायम थंडीतल्यासारखी रिच चालणार. ज्या रेग्युलेटरला व्हॅक्युमची नळी आहे त्याचं गरम रीडिंग इंजिन आयडलला ठेवून घ्या, व्हॅक्युम नसला की तो मुद्दाम प्रेशर खाली ठेवतो आणि तुम्ही उगाच त्याला दोष द्याल.

कंट्रोल प्रेशर जास्त येत असेल तर रेग्युलेटरच्या तोंडाशी नखाएवढी जाळी असते ती बघा, नाहीतर त्याची रिटर्न अडलीय. ह्यात गार गाडी लीन राहते, सकाळी सेल्फवर सेल्फ मारावे लागतात, आणि परत कोणीतरी म्हणतं पंप गेलाय.

राहिलं रेस्ट प्रेशर, आणि ही तक्रार आपल्याकडे सगळ्यात जास्त. गाडी सकाळी पहिल्या सेल्फला स्टार्ट, पण हॉटेलवर वीस मिनिटं थांबून मिसळ खाल्ली की परत येऊन पंधरा-वीस सेकंद क्रँक. इंजिनच्या उष्णतेने लाईनमधल्या पेट्रोलची वाफ होते, प्रेशर धरलेलं असेल तर होत नाही. इंजिन गरम करा, व्हॉल्व्ह उघडाच ठेवून इंजिन बंद करा आणि गेजकडे बघा. काटा लगेच इंजेक्टर उघडण्याच्या प्रेशरच्या, म्हणजे साधारण साडेतीनच्या, खाली आला पाहिजे, नाहीतर इंजेक्टर टपकतील. मग तो टिकला पाहिजे. दहा मिनिटांनी दोन-अडीचच्या आसपास असेल तर छान, वीस मिनिटांनी दीडच्या खाली गेला तर गळती आहे, आणि बंद करताक्षणी शून्यावर आपटला तर बहुधा पंपाच्या तोंडावरचा चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पेट्रोल मागे फिरू न देणारा. तो वेगळा मिळतो, पूर्ण पंप बदलायची गरज नाही, हे दुकानदार आपणहून सांगत नाही.

गळती शोधायला परत तोच व्हॉल्व्ह कामाला येतो. पंप चालवून बंद करा आणि लगेच व्हॉल्व्ह बंद करा. आता प्रेशर टिकलं तर पेट्रोल वॉर्म-अप रेग्युलेटरच्या वाटेने जातंय. तरीही पडलं तर सिस्टीमच्या बाजूला आहे, मग चेक व्हॉल्व्ह, डिस्ट्रीब्युटरच्या रेग्युलेटरची ओ-रिंग, कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह (गार इंजिनला सुरू होताना जास्तीचं पेट्रोल देणारा), इंजेक्टर. कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह खोलून हातात धरा, लाईन जोडलेलीच ठेवून, तोंड पुसा आणि प्रेशर द्या, मिनिटभरात थेंब जमला तर तो बाद. ॲक्युम्युलेटरची तपासणी त्याहून सोपी. त्याच्या मागे एक बारीक होज असतो, तो काढायचा, तिथे फडकं धरायचं आणि पंप चालवायचा. तिथून पेट्रोल आलं म्हणजे आतला डायफ्रॅम फाटलाय, दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. अशा फाटक्या ॲक्युम्युलेटरमधून पेट्रोल मागे फिरून फ्लो पण कमी होतो, म्हणजे एकाच पार्टमुळे गरम स्टार्टिंग आणि चढावरचा दम दोन्ही बिघडू शकतात.

सगळं झालं की गेज काढा, युनियनला नवीन तांब्याचे वायसर, पाना हलक्या हाताने आणि लाईनच्या युनियनला दुसऱ्या पान्याने आधार देऊन, नाहीतर चाळीस वर्षांची स्टीलची लाईन पिळून निघेल. पंप मिनिटभर चालवून प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवा, डोळ्याला न दिसणारा ओलावा टिश्यूवर दिसतो. मी चारही आकडे, म्हणजे सिस्टीम, गार कंट्रोल, गरम कंट्रोल आणि चाळीस सेकंदाचे मिली, तारीख आणि त्या दिवशीचं तापमान लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेत. जाळी धुतल्यावर माझे झाले अकराशे मिली, आणि जुना पंप अजून माळ्यावर आहे, चालू कंडिशनमध्ये.